हातभर फट

बुलढाण्याला रेल्वे काही अजून आली नाही, पण त्या उन्हाळ्यात खडकदरीला जहाज आलं.

जहाज हे गावानं ठेवलेलं नाव. मुळात ते तलावातला गाळ उपसायचं तरंगतं यंत्र होतं. कुठल्याशा बंदराचं काम आटोपून, ट्रेलरवर पडून, घाट चढून आलेलं. देऊळघाटच्या पुढच्या वळणावर ट्रेलर अडकला आणि अर्धा दिवस वाहतूक ठप्प झाली, तेव्हा एसटीतली माणसं खाली उतरून त्याच्यासोबत फोटो काढून घेत होती. समुद्र ज्यांनी फक्त टीव्हीवर पाहिला अशा म्हाताऱ्यांनी त्याला हळद-कुंकू वाहिलं. पाण्यात उतरवलं तेव्हा सरपंच उत्तमरावांनी नारळ फोडला आणि तो नेमका नासका निघाला. पण शुभकार्यात असल्या गोष्टींची वाच्यता कुणी करत नाही.

खडकदरीचं धरण बहात्तरच्या दुष्काळातलं. म्हणायचं धरण, खरं म्हणजे मोठा तलाव. नाल्यानं वर्षानुवर्षं माती आणून आणून वरचं अंग पार बुजवून टाकलं होतं. दुसरीकडे तलाव उन्हाळ्यात कोरडा पडला की जेसीबी उतरवतात आणि गाळ काढतात. इथं ती सोय नव्हती. तीन गावांचं पिण्याचं पाणी याच तलावातून जातं. भिंतीलगत पाण्यात उभी असलेली विहीर, जिला सगळे जॅकवेल म्हणतात, तिच्यातून मोटर पाणी उचलते. तलाव आटू दिला तर प्यायचं काय? म्हणून पाणी असतानाच गाळ काढायचा, आणि त्यासाठी हे जहाज.

आता यातली मेख शाळेतल्या पोरालाही कळेल. एका टोकाला गाळ ढवळायचा आणि दुसऱ्या टोकाला तेच पाणी लोकांना पाजायचं. ढवळलेला गाळ विहिरीपर्यंत आला तर तीन गावांच्या नळाला चिखल.

त्यावर तोड म्हणून जहाजाबरोबर एक पडदा आला होता. वर नारंगी रंगाचे पोकळ तरंगे, त्याला खाली लोंबणारं जाड राखाडी कापड, आणि कापडाच्या तळाच्या काठात ओवलेली लोखंडी साखळी. तलाव जिथं गळ्यासारखा चिंचोळा होतो तिथं या काठापासून त्या काठापर्यंत तो ताणला. एका बाजूला जहाज आणि गाळ, दुसऱ्या बाजूला जॅकवेल आणि गाव.

या पडद्याची राखण उकंडरावांकडे आली ती त्यांच्या शेततळ्यामुळे. गावातलं पहिलं शेततळं त्यांनी केलं. तळ्यात अंथरायची प्लास्टिकची काळी पन्नी कशी ताणायची, तिच्या कडा चरात कशा दाबायच्या, हे बाकीच्यांनी त्यांच्याच बांधावर उभं राहून शिकून घेतलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण पाणी कुठून झिरपेल हे त्यांना बाकीच्यांच्या आधी दिसायचं. हाताला उसंत नव्हती. छपराचं कवेलू हललं की वर चढ, नळ ठिबकला की सुतळी बांध. त्यांची बायको रुखमाबाई म्हणायची, "हे मसणात गेले तरी तिथलं फाटक नीट करतीन."

ती आधी गेली. पौषात.

ती गेल्यापासून उकंडरावांच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. आखाजीला घरोघरी पितरांच्या नावानं मातीचं नवं भांडं पाण्यानं भरून, वर खरबूज ठेवून पुजतात; पुरुषासाठी करा, बाईसाठी केळी. वर्षाच्या आत गेलेल्या बाईची पहिली केळी असते, तिला मान मोठा. रुखमाबाईनं अंथरुणावरून सांगून ठेवलं होतं, "माही पयली केळी धरणाच्या पाण्यानं भरजा. नळाच्या नका भरू. सोता धरणावरून आणजा."

तिचा तो हक्कच होता. बहात्तर साली नवी नवरी होऊन आली आणि अंगावरची हळद निघायच्या आत याच भिंतीवर मातीच्या पाट्या वाहायला लागली. तेव्हा कामावर प्यायला मिळायचं तेही डबक्यातलं गढूळ पाणी. ते घागरीत भरून ती बाभळीच्या सावलीत ठेवायची आणि कुणाला शिवू द्यायची नाही. नव्या नवऱ्यानं एकदा गाळ बसला का पाहायला घागरीत हात घातला, तर सगळ्या मजुरांदेखत त्याच्या मनगटावर चापट बसली. "ढवळू नका. त्याले त्याच्या मनानं बसू द्या." उकंडराव तिच्या प्रेमात पडले ते त्या चापटीनं, असं ते पन्नास वर्षं सांगत होते.

पडदा लावायच्या दिवशी अर्धं गाव काठावर जमलं होतं. काम सांभाळायला आलेली इंजिनीअर हिमानी ही बुलढाण्याचीच पोरगी, कोर्टात कारकून असलेल्या माणसाची. दोन वर्षं बंदरावर काम करून आली होती. तिनं तराफ्यावर उभं राहून दोऱ्या बांधून घेतल्या आणि मग उकंडरावांना जवळ बोलावलं.

"काका, एक गोष्ट लक्षात ठेवायची. साखळी तळाला टेकू द्यायची नाही. खाली हातभर फट राहिली पाहिजे."

"फट?" उकंडरावांना वाटलं पोरगी चुकून बोलली. "खालून फट ठेवली तं पडदा काऊन लावला मंग?"

"पाणी हलतं ना काका. वारं ढकलतं, पातळी वर-खाली होते. त्याला जायला वाट लागते. बंदरात तर भरती-ओहोटीला हा पडदा रोज वर-खाली होतो."

"अन् त्या वाटेनं गाळ आला तं?"

"थोडा येईल. पण गाळ जड असतो, बराचसा पडद्याला अडून खाली बसतो. जो थोडा येईल तो जॅकवेलपर्यंत जाता जाता बसेल."

उकंडरावांनी गावाकडे पाहिलं. "माह्या शेततळ्याची पन्नी म्या हातभर मोकळी सोडली असती, तं दुसऱ्या दिवशी तिथं पोट्टे गोट्या खेळले असते." सगळे हसले. हिमानीसुद्धा हसली.

"खरं आहे. पण तुमची पन्नी पाणी अडवते. हा पडदा पाणी अडवत नाही, नुसता गाळ थोपवतो. म्हणून म्हणते, साखळीला हात लावू नका. दोऱ्या सुटल्या तर बांधा, तरंगे बुडाले तर मला फोन करा."

"हाव," उकंडराव म्हणाले. कानांनी ऐकलं, हातांनी मात्र ऐकलं नाही. ज्या माणसानं जन्मभर फटी बुजवल्या त्याला फट राखायला सांगणं म्हणजे सुताराला खिळा अर्धाच ठोक म्हणण्यातली गत.

काम सुरू झालं. जहाज दिवसभर घरघरायचं, गाळ लांबलचक पाइपातून वरच्या वावरांतल्या खड्ड्यांत पडायचा, शेतकरी तो ट्रॉल्या भरभरून नेत होते. उकंडराव सकाळी भाकरी बांधून काठावरच्या बाभळीखाली येऊन बसायचे. पडद्यापलीकडचं पाणी चहासारखं झालं होतं. अलीकडचं हिरवट, साधं. पण सकाळी ऊन तिरपं पडलं की पडद्याच्या पायथ्यापासून एक पिवळसर धूर अलीकडे सरकताना त्यांना दिसायचा. थोडासाच. वीसेक पावलांवर विरून जायचा. हिमानी रोज बाटलीत पाणी भरून उन्हात धरून पाहायची आणि म्हणायची, ठीक आहे. पण उकंडरावांना तो धूर भाकरी खातानासुद्धा दिसायचा.

आखाजी तोंडावर आली. कुंभाराकडून अश्विनीनं, त्यांच्या सुनेनं, नवी केळी आणून देवघरात पालथी ठेवली. येता-जाता ती दिसली की उकंडराव तिच्यापाशी थांबायचे. हिच्यात काय भरू? धुरकट पाणी?

याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. रुखमाबाईच्या शेवटच्या दिवसांत बुलढाण्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, गर्दी नको, संसर्ग होईल. एवढंच. उकंडरावांनी खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या, दाराला आतून कडी घातली. ती म्हणायची, "दार जराक लोटून ठेवा, लावू नका. ओसरीवरचं बोलणं आयकू येते, बरं वाटते." त्यांनी लावलंच. देऊळघाटहून तिची धाकटी बहीण थंडीवाऱ्याची आली, तिला ओट्यावरूनच परत पाठवलं. "बरी झाली की ये." त्याच आठवड्यात रुखमाबाई गेली. बहीण मयतीला आली, रडली, आणि जाताना त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. आपण बायकोला जपत होतो, हे उकंडराव स्वतःला सांगायचे, आणि ते खरंही होतं. तरी ते दार त्यांना आठवायचंच.

अशातच एक दिवस हिमानीला कामानिमित्त बुलढाण्याला जावं लागलं. जहाजाच्या एका भागाची दुरुस्ती निघाली म्हणून ते दुपारभर बंद होतं. उकंडरावांनी मुलाला, गोकुळला, फोन करून बोलावलं आणि ट्रॅक्टरमध्ये खताच्या रिकाम्या गोण्या टाकून आण म्हणाले.

गोण्यांत काळी माती भरली, तोंडं शिवली. तराफा काढला. गोकुळ पट्टीचा पोहणारा.

"बाबा, त्या मॅडमनं हात लावू नका म्हणलं होतं नं?"

"तिले समुद्राचं माहीत आहे. हे माहं पाणी आहे." मग जरा खालच्या आवाजात, "तुह्या मायची केळी भरा लागते याच्यातून."

गोकुळनं सदरा काढला. तो बुडी मारत गेला, साखळी तळावर ओढून धरत गेला, आणि उकंडराव तराफ्यावरून एकेक गोणी सोडत गेले. या काठापासून त्या काठापर्यंत पडद्याची कोर त्यांनी दाबून टाकली, अगदी शेततळ्याच्या चरात दाबतात तशी. उतरत्या उन्हात काम संपलं तेव्हा म्हातारा थकला होता, पण चेहऱ्यावर पौषानंतर पहिल्यांदा जरा तजेला होता.

आणि सांगायला वाईट वाटतं, पण पाणी खरंच सुधारलं. धूर बंद झाला. अलीकडचं पाणी असं नितळ झालं की काठाजवळचे दगड मोजावेत. धुणं धुवायला आलेल्या बाया म्हणाल्या, "मामाजी, तुमी बसता म्हणून हे." हिमानी परत आली, बाटली उन्हात धरली आणि चकित झाली. "फारच छान, काका." उकंडराव मिशीतल्या मिशीत हसले फक्त. त्या रात्री त्यांना पौषानंतर पहिल्यांदा धड झोप लागली.

पलीकडे काय चाललं होतं ते वरून दिसत नव्हतं. जहाज ढवळत होतं, आणि पूर्वी थोडं थोडं खालून निघून वाटेत बसून जाणारं ते सगळं आता पडद्याला टेकून थरावर थर साचत होतं.

आखाजीच्या दोन दिवस आधी दुपारी वारं सुटलं. अवकाळीचं वारं, पाऊस नावापुरता. आधी वरच्या वावरांतून धुळीची भिंत उठली, मग बाभळी आडव्या व्हायला लागल्या. वारं नाल्याच्या अंगानं आलं, म्हणजे जहाजाकडून गावाकडे. सगळं पाणी या अंगाला लोटायला लागलं. उकंडराव बाभळीचं खोड धरून उभे होते. पडदा फुगताना त्यांनी पाहिला. फुगला, आणखी फुगला, नारंगी तरंगे मध्यावर एकेक करून पाण्याखाली जायला लागले, जसं कुणी खालून पाय धरून ओढतंय. खालून खरंच कुणी धरलं होतं. त्यांच्या गोण्यांनी.

"गोकुळ!" ते ओरडले, पण गोकुळ तिथं नव्हताच. आणि असता तरी काय करता?

कापड शिवणीवर फाटलं. आवाज वाऱ्यात ऐकू आला नाही. पलीकडचा चहाच्या रंगाचा लोट अलीकडच्या हिरव्या पाण्यात शिरताना मात्र नीट दिसला. तो हळूहळू आला नाही. साचलेलं सगळं एकदम आलं. उकंडराव काठानं पळत जॅकवेलकडे निघाले. वाटेत दोनदा पडले.

वाऱ्यानं लाइट गेली होती, म्हणून मोटर बंद होती. तेवढं एक बरं होतं. पण आपल्याकडे मोटरीला ऑटो असतो. लाइट आली की माणसाची वाट न पाहता ती आपली चालू होते. उकंडराव पंपघराच्या दाराशी पोहोचले, दाराला कुलूप, किल्ली पाणीवाल्याकडे, पाणीवाला देऊळघाटच्या लग्नात. ते कुलूप ओढत असतानाच आतून मोटरीचा आवाज आला. लाइट आली होती.

तीन गावांच्या टाक्यांत चिखल चढला. दिवेलागणीला नळ सुटले आणि हंड्यात काळं पाणी पडलं.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर गाव जमलं. टँकर सांगून ठेवला होता, तो दुपारपर्यंत येणार होता. तोवर लोकांचा राग कुणावर तरी निघायला हवा होता, आणि समोर हिमानी उभी होती.

"बंदरातल्या चिंध्या आणून लावल्या आमच्या धरणाले."

"इतकुशाक वाऱ्यानं फाटते तं काय कामाचा तो?"

कंपनीच्या माणसाचा फोन येऊन गेला होता. आजच्या आज तिला कामावरून हलवतो, असं त्यानं सरपंचांना सांगितलं होतं. हिमानीनं पहाटेच पडद्याचं एक टोक ओढून पाहिलं होतं. गोण्या तिला सापडल्या होत्या. त्यावरचं खताचं नाव तिनं वाचलं होतं, सुतळीची शिवण पाहिली होती, आणि राखणीला कोण बसतं हे तिला ठाऊक होतं. गर्दीत तिनं एकदा उकंडरावांकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"वारं जास्त होतं," ती एवढंच म्हणाली.

मागून एक बाई पुढं आली. काखेत तान्हं होतं. तिनं कुणाचं नाव घेतलं नाही, आवाजही चढवला नाही. "माह्या लेकराले आता काय पाजू, तेवढं सांगा."

उकंडराव उठले. पाराच्या कडेला हात टेकून उठावं लागलं.

"पडदा वाऱ्यानं नाई फाटला," ते म्हणाले. "म्या त्याले खालून दाबून टाकलं. गोण्या टाकून. हे पोरगी सांगून गेली होती, हात लावू नका. म्या लावला."

गोकुळ उभा राहिला, "मी बी होतो," पण त्यांनी हातानं त्याला खाली बसवलं.

सरपंच उत्तमरावांनी विचारलं, "काऊन केलं हो बाबा?"

"पाणी चांगलं राहावं म्हणून."

एखाद्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. कुणी दिली नाही. तान्ह्या लेकराची आई त्यांच्याकडे पाहत राहिली आणि मग वळून निघून गेली. त्या दिवशी टँकर आला तेव्हा रांगेत उकंडरावांच्या पुढच्या आणि मागच्या माणसानं थोडी थोडी जागा सोडली होती. ज्या गावानं त्यांना पाण्यातला जाणता मानलं त्या गावाची ही शिक्षा होती, आणि ती त्यांना पुरेपूर लागली.

दुपारी ते काठावर गेले. पडदा वाळूवर पसरला होता. पोती शिवायचा दाभण आणि नायलॉनची दोरी त्यांनी घरून आणली होती. न विचारता खाली बसले आणि फाटलेली शिवण घालायला लागले. हिमानी येऊन शेजारी बसली. तिचं जाणं तूर्त टळलं होतं.

"रागाव नं पोरी," ते म्हणाले. "तुहा हक्क आहे."

ती कापडाची दुसरी कड धरून बसली. "मी नुसतं हात लावू नका म्हटलं, काका. एकदा तराफ्यावर नेऊन, वाऱ्यात पडदा कसा तिरपा होतो, खालून पाणी कसं निघून जातं, ते दाखवायला हवं होतं. बंदरातल्या लोकांना ते रोज दिसतं. तुम्हाला कुठून दिसणार?" जरा थांबून तिनं विचारलं, "पण इतकी घाई कशाची होती?"

मग उकंडरावांनी सांगितलं. केळीचं सांगितलं, आणि सांगता सांगता दाराचंही सांगून गेले. कडी घातलेलं, चिंध्या कोंबलेलं. ओट्यावरून परत पाठवलेली बहीण. दाभण हातातच राहिला. "तिले श्वास पुरत नव्हता वो," ते म्हणाले, "अन् म्या फटी बुजवत होतो." आणि ते रडले. काठावर, दिवसाढवळ्या, मजुरांदेखत. हिमानीनं कड सोडली नाही.

पडदा पुन्हा पाण्यात गेला तेव्हा उकंडराव स्वतः तराफ्यावर पालथे झोपले, खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून साखळी चाचपत गेले. जिथं पाणी खोल तिथं गोकुळ बुडी मारून सांगत होता. प्रत्येक दोरीपाशी ते विचारायचे, "मोकळं आहे? हातभर?" आणि होकार आल्यावरच गाठ मारायचे.

पण तलावाचं पाणी अजून गढूळच होतं. उद्या आखाजी.

अश्विनीनं टँकरचं पाणी कळशीत गाळून झाकून ठेवलं. "मामाजी, हे वापरू. सगळं गाव हेच वापरणार आहे." उकंडरावांनी मान हलवली, जुनी पितळी घागर घेतली आणि धरणावर गेले. रुखमाबाईनं जिथं पाट्या टाकल्या त्या भिंतीखालून गढूळ पाण्यानं घागर भरली आणि देवघरासमोर आणून ठेवली. मग बाहेर येऊन देऊळघाटला मेहुणीला फोन लावला. फोन उचलला गेला.

"उद्या तुह्या बहिणीची केळी आहे," ते म्हणाले. "ये माय. दार उघडं आहे."

सकाळी घागरीत पाहिलं तर पाणी तसंच. काळ्या मातीचा गाळ, तो लवकर बसत नाही. स्वयंपाक झाला. पुरण, सांजोऱ्या, आंब्याचा रस. गहू पसरून त्यावर नवी केळी मांडली. रिकामी.

"तुरटी फिरवू का?" गोकुळनं विचारलं.

"नको."

उन्हं चढली. देऊळघाटची बहीण आली, उंबऱ्यापाशी क्षणभर थबकली, मग आत येऊन भिंतीला टेकून बसली. उकंडरावांशी बोलली नाही. घागर आणि केळी तिनं पाहिली आणि तिला सगळं समजलं; दुष्काळात तिचीही घागर बाभळीखाली असायची. अश्विनी नैवेद्याचं ताट घेऊन उभी. ताट निवत चाललं. गाळ किती बसला ते पाहायला तिनं घागर जराशी उजेडाकडे वळवायला हात पुढं केला.

"हात नको लावू पोरी," उकंडराव म्हणाले. "बसू दे त्याले."

आणि ते स्वतः हात मांडीवर ठेवून बसले. जन्मभर या हातांनी काही ना काही बांधलं, बुजवलं, दाबलं होतं. त्यांना नुसतं ठेवून बसणं किती जड जातंय हे पाहणाऱ्यालाही कळत होतं. दोनदा बोटं उठली. दोनदा त्यांनी ती परत ठेवली.

दुपार कलताना वरचं पाणी फिकं झालं, मग साफ झालं. चार बोटं, जास्त नाही. उकंडरावांनी पळी घेतली आणि वरच्यावर, श्वास धरून, पाणी केळीत घालायला लागले. एक पळी, दुसरी, तिसरी. केळी अर्धी झाली आणि पुढची पळी घागरीतल्या धुरकट थराला टेकली. त्यांनी ती तशीच वर उचलून बाजूला ठेवली.

केळी काठोकाठ भरायची असते. सगळ्यांना ठाऊक होतं. भिंतीला टेकलेल्या बहिणीचा पहिल्यांदा आवाज आला.

"भाऊजी, भरली नाई."

"राहू दे माय," उकंडराव म्हणाले. "जेवढं बसलं तेवढं. बाकीची जागा तिले मोकळी राहू दे."

बहीण उठली. तिनं टोपलीतलं खरबूज उचललं, पदरानं पुसलं आणि स्वतःच्या हातानं केळीवर ठेवलं. ओसरीवरून शेजाऱ्यांचं बोलणं आत येत होतं. दार लावायला कुणी उठलं नाही.